मीटरपासून शेगडीपर्यंत
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवी शिकलेली बाई. गॅसच्या नळीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. पण आपल्या गल्लीत नळाचा गॅस आला आहे आणि बांधकामेही चालू आहेत, म्हणून बोलते.

आमच्या परसात धाकट्या दिरांचे घर झाले. त्यांचा मीटर पुढच्या भिंतीवर, आमच्या मीटरशेजारीच बसणार होता. आमची शेगडी मीटरपासून आठ फुटांवर; जावेची साठ फुटांवर, वाटेत सहा वळणे. नळीवाला म्हणाला, "काकू, तुमच्याकडे अर्धा इंची आहे, इथेही तीच टाकू." दिरांनी मान हलवली. मी विचारले, "सकाळी सहाला काय काय पेटणार, हे कोणी विचारलंत का?"

घरातल्या नळाच्या गॅसचा दाब असतो सुमारे 21 मिलिबार. म्हणजे वीतभर उभ्या पाण्याचा दाब, बस्स! नळी जितकी लांब तितका त्यातला वाटेत जिरतो, आणि प्रत्येक कोपरा म्हणजे आणखी थोडी नळीच धरायची. शिवाय जावेला गीझर हवा होता. सहा लिटरचा गीझर एकटा, दोन चुलींच्या शेगडीच्या दुपटीहून जास्त गॅस ओढतो. तो पेटला की भाकरीखालची ज्योत बसणार. बारीक ज्योत वाऱ्याने विझली, तर गॅस मोकळाच! (गीझर कोंदट न्हाणीघरात तर लावूच नये. त्याच्या विषारी धुराला वास नसतो, माणसे दगावतात.)

कंपनीचे माणूस आले, तेव्हा जावेने स्वतः यादी सांगितली: शेगडी, गीझर, दोन्ही एकाच वेळी. त्यांनी अंतर मोजले, वळणे मोजली आणि पाऊण इंची नळी ठरवली. मला वाटे, पाऊण म्हणजे अर्ध्याच्या दीडपट गॅस. तसे नाही बरे! तेवढाच दाब खर्चून दुपटीहून जास्त जातो. हिशोब त्यांचाच, आपण करू नये. पण यादी पुरुषांना ठाऊक नसते. डबे, आंघोळी आणि देवाचा नैवेद्य एकाच घटकेला येतात, हे आपल्यालाच माहीत.

नळी भिंतीत पुरली नाही, दिसती ठेवली. सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहिले, आणि मगच जावेने दूध ठेवले.