धारावी बेट



बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई खाडी ओलांडली की धारावी बेट लागते.
शहरातल्या धारावीशी याचा संबंध नाही, हे आधीच सांगितलेले बरे.
गोराई, मनोरी, उत्तन ही इथली मुख्य गावे.

१५३४ च्या तहान्वये वसईसह हा मुलूख पोर्तुगीज अंमलाखाली गेला,
आणि दोन शतकांनी, १७३९ साली,
चिमाजी अप्पांच्या मोहिमेत तो मराठ्यांनी जिंकला;
कारण वसईच्या खाडीचे मुख राखणारे हे बेट हाती आल्यावाचून
वसई किल्ल्याची समुद्रमार्गे येणारी रसद तोडणे दुरापास्त होते.

अंमल बदलले. बोली मात्र मराठीच राहिली.
कोळ्यांची मराठी, आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांचीही मराठीच!

या कुटुंबांतून उन्हाळ्यात मिरची, हळद, धने आणि इतर अनेक जिन्नस भाजून कुटतात,
आणि तो मसाला गर्द तपकिरी बाटल्यांत ठासून भरतात,
म्हणजे उजेड न लागता तो वर्षभर टिकतो.
हाच तो बाटली मसाला.

उत्तनच्या किनाऱ्यावर बांबूच्या वलांड्या दिसतील.
त्यांवर बोंबील जोडीने, एकमेकांच्या जबड्यांत अडकवून, वाळत घालतात.
वास उग्र खरा, नवख्याने नाक मुरडावे इतका;
पण आषाढात होड्या किनाऱ्याला ओढल्या, की कालवणाला हेच सुके बोंबील.