घरचा आकाशकंदील
(वार्षिक संमेलनातील भाषण)



दिवाळीस तयार कंदील विकत आणण्याचा प्रघात आपल्या घरांतूनही आता रूढ झाला आहे. पैशाचा प्रश्न आम्ही गौण मानतो. परंतु ज्या घरी आजोबांना कामटी तासता येते, त्याच घरी नातवाला साधी गाठ मारता येऊ नये, हे आम्हांस खटकते. आजोबा आहेत तोवरच ही विद्या पुढे जावयाची आहे.

सारख्या लांबीच्या १० कामट्या घ्याव्यात. ५-५ कामट्यांच्या दोन चांदण्या बांधून त्यांची टोके परस्परांस दोऱ्याने जखडावीत. कामट्या जेथे एकमेकींस छेदतात, त्या आतल्या पाच ठिकाणी चार-चार बोटांचे तुकडे आडवे बसवावेत, म्हणजे सांगाडा फुगीर होतो. तासण्याचे काम मात्र वडीलधाऱ्यांनीच करावे. बांबूचे कुसळ फार छळते.

खळीसाठी मैदा आधी गार पाण्यात कालवून मगच शिजवावा, नाहीतर गुठळ्या होतात. खळीत मोरचूद घालण्याची जुनी चाल आहे. पण ते विषारी. चार दिवसांच्या कंदिलास ते हवेच कशाला?

पतंगी कागद ओढून चिकटवू नये. खळीने ओलावलेला कागद वाळताना आपोआप ताणला जातो. दिव्यासाठी एक बाजू उघडी ठेवावी. आत तापणारा जुना दिवा नको, लहानसा एलईडी पुरे. शेपट्या मुलांनी कातराव्यात, आणि त्या वाकड्या झाल्या तरी मोठ्यांनी हात लावू नये.