हृद्रोग, रक्तदाब आणि घरची शुश्रूषा

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक होऊन जन्मभर शाळेत मुलांना शिकविले, एवढीच आमची विद्या. असे असता कार्यकारी मंडळाने हा विषय आम्हांवर सोपविला, याचे कारण आपणांपैकी पुष्कळांस ठाऊक आहे. चार वर्षांपूर्वी आम्हांस हृदयविकाराचा झटका आला आणि ईश्वरकृपेने आम्ही त्यातून उठलो. इस्पितळात आम्ही अवघे सहा दिवस होतो. त्यानंतरचे सारे दिवस घरी. डॉक्टरांनी प्राण वाचविले हे खरे, परंतु ते टिकविले घरच्या शुश्रूषेने. त्या शुश्रूषेविषयीच आज चार शब्द बोलावयाचे आहेत, आणि तीत आमच्या हातून घडलेला एक प्रमादही सांगावयाचा आहे.

प्रथम रोगाचे स्वरूप पाहू. हृदय आकुंचन पावून रक्त पुढे लोटते तेव्हा धमन्यांच्या भिंतींवर जो दाब पडतो तो वरचा आकडा, आणि दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय विसावते त्या वेळचा दाब तो खालचा. ते अनुक्रमे १२० व ८० यांच्या आसपास असावेत. निरनिराळ्या दिवशी मोजूनही वरचा १४० किंवा खालचा ९० यांस पोचू लागला, तर दाब वाढला असे समजतात. अशा दाबाने धमन्यांचे अस्तर बिघडते, त्यांत चरबीचे थर साचतात, आणि हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या धमन्या अरुंद होतात. एखाद्या थराला तडा जाऊन तेथे गुठळी झाली की पुढच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो, तोच झटका. या शत्रूचे कपट असे की, तो बहुधा दुखत नाही, खुपत नाही. मोजल्यावाचून त्याचा पत्ता लागत नाही.

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा रक्तदाब कित्येक वर्षे चढत गेला, आणि १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते निवर्तले. त्यांना डॉक्टरांची वाण नव्हती. वाण होती ती गुणकारी औषधांची. आज तशी औषधे सरकारी आरोग्य केंद्रातही मिळतात. तेव्हा आता उणीव औषधाची नसून नेमाची आहे, आणि नेम ही घराने सांभाळावयाची वस्तू आहे.

हा नेम कसा राखावा? पहिली गोष्ट, दाब मोजणे. इटलीतील रीव्हा-रोच्ची या वैद्याने १८९६ साली दंडाला बांधावयाचा पट्टा योजिला. आज त्याच तत्त्वावरचे लहानसे यंत्र घरोघरी आले आहे. परंतु बाजारातून आल्याबरोबर, चहाचा पेला हातात असता, बोलत बोलत मोजलेला आकडा व्यर्थ होय. चहा किंवा तंबाखू घेतल्यास अर्धा तास जाऊ द्यावा, लघवीस जाऊन यावे, पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर सरळ ठेवून स्वस्थ बसावे. हात हृदयाच्या उंचीवर टेकलेला असावा आणि पट्टा उघड्या दंडावर बांधावा. दोनदा मोजून आकडे, तारीख व वेळ वहीत लिहावी. डॉक्टरांना आपल्या वर्णनापेक्षा ही वही अधिक सांगते.

दुसरी गोष्ट, औषध. ‘आता बरे वाटते, गोळी कशाला?’ असे म्हणून कित्येक घात करून घेतात. दाब उतरला तो गोळीमुळे. गोळी सुटली की तो पुन्हा चढतो. काही गोळ्या एकाएकी थांबविणे विशेष धोक्याचे असते, आणि धमनीत जाळी बसविलेल्याने रक्त पातळ ठेवणारी गोळी डॉक्टरांच्या आज्ञेवाचून कदापि सोडू नये. गुडघेदुखीसाठी दुकानातून आणलेल्या पुष्कळशा वेदनाशामक गोळ्या दाब वाढवितात, हेही ध्यानी असावे.

तिसरी गोष्ट, मीठ. जागतिक आरोग्य संघटना माणशी दिवसाला ५ ग्रॅमांहून कमी, म्हणजे लहान चमचाभराहून कमी, मीठ सांगते. आपल्या ताटात लोणचे, पापड, शेंगदाण्याची चटणी आणि वरून वाढलेले मीठ, एवढ्यांतच तो चमचा भरून जातो. सैंधव चालते ही समजूत चुकीची, तेही मीठच. रोग्यासाठी वेगळे अळणी शिजविण्यापेक्षा सर्वांच्याच भाजीत मीठ कमी करावे. तंबाखू व मिश्री तर घराबाहेरच घालवावी.

चौथी गोष्ट, प्रसंगावधान. छातीवर दडपण, डाव्या हाताकडे, जबड्याकडे वा पाठीकडे जाणारी कळ, दरदरून घाम, धाप, यांपैकी काही झाल्यास ‘पित्त झाले असेल’ म्हणून सोडा घेत बसू नये. स्त्रियांत व मधुमेह्यांत कळ नसून नुसती धाप वा मळमळही असू शकते. रोग्यास बसवावे, जिना चढउतार करू देऊ नये, आणि आपल्या महाराष्ट्रात १०८ हा क्रमांक फिरवून रुग्णवाहिका मागवावी. जिभेखालची गोळी डॉक्टरांनी दिलेली असेल तर ती बसूनच घ्यावी, कारण तिने दाब उतरून घेरी येते. प्रत्येक मिनिटाला हृदयाचा स्नायू मरत असतो.

आता आमचा प्रमाद. ही सारी व्यवस्था आमच्या घरी एकटी आमची पत्नी सांभाळीत होती. गोळ्यांची डबी तिने भरावी, वही तिने लिहावी, पहाटे आमच्याबरोबर फिरावयास यावे, रात्री आमचा श्वास ऐकत जागावे. आम्ही दर आठवड्याला हात पुढे करीत होतो. तिचे डोके दुखे, तेव्हा ‘जागरणाने होत असेल’ असे आम्हीच म्हणत होतो. अडीच वर्षे असे चालले. एके दिवशी सूनबाई सहज म्हणाली, “आई, आज तुमचाही हात द्या पाहू.” आकडा आला १७८ व १०४. यंत्र बिघडले असे वाटून पुन्हा मोजला, तोच आला. तपासणीत हृदयाची भिंत जाडावलेली निघाली. डॉक्टर म्हणाले, “हे काल-परवाचे नव्हे, वर्षांचे आहे.” ते यंत्र अडीच वर्षे तिच्याच हातात होते, हे शब्द उच्चारताना आम्हांस आजही लाज वाटते. आता तिचा दाब औषधाने आटोक्यात आहे, आणि वहीत दोन रकाने आहेत. वही आम्ही लिहितो.

पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, आपल्या स्त्रियांना परिचारिकेचे शिक्षण देण्याचा मार्ग मोकळा केला. त्या काळी या कामास समाज हलके मानीत असे. शुश्रूषा ही विद्या आहे हे त्या पिढीने सिद्ध केले. ती सुनेच्या वा पत्नीच्या माथी लादून मोकळे होण्याची वस्तू नव्हे. पुरुषांनीही ती शिकली पाहिजे.

म्हणून मंडळास आमची नम्र सूचना अशी की, पुढील मेळाव्यात व हळदीकुंकवाच्या समारंभात रक्तदाब मोजण्याची सोय ठेवावी. आणि प्रत्येक घराने आज रात्रीच, रोग्याची सेवा जो करतो त्याचा दाब आधी मोजावा.