गोषवाऱ्यात काय असावे?

गोषवारा हा शब्द आपल्याकडे जमाखर्चाच्या दप्तरात रुळलेला. खतावणीत जे नाही ते गोषवाऱ्यात येता कामा नये. शोधनिबंधाच्या गोषवाऱ्यासही हाच दंडक लागू. व्याप्ती-आढाव्याच्या, म्हणजे ‘स्कोपिंग रिव्ह्यू’च्या, गोषवाऱ्यास तर विशेषच.

अमुक औषध गुणकारी आहे काय, याचा निवाडा हा आढावा सहसा करीत नाही. एखाद्या विषयावर कोणी, कोठे, कोणत्या पद्धतीने काम केले आणि कोणते शेत अजून पडीक राहिले, याचा तो नकाशा. आर्क्सी व ओमॅली या अभ्यासकांनी २००५ साली त्याची चौकट मांडली. २०१८ मध्ये ‘प्रिझ्मा’ नियमावलीने २२ कलमांची यादी दिली. तीत गोषवाऱ्यास स्वतंत्र कलम आहे.

सिल्वासाचे उदाहरण घ्या. २०१९ पासून तेथे वैद्यकीय महाविद्यालय आहे. भोवताली वारली, कोकणा, धोडिया वस्ती. या समाजांत सिकलसेलचा रोग आढळतो. समजा, तेथील एखादी विद्यार्थिनी त्यावरील संशोधनाचा आढावा घेते. ‘सिकलसेल ही गंभीर समस्या आहे’ असा तिने प्रारंभ केला, तर २५० शब्दांतील मूठभर फुकट गेले! त्यापेक्षा कोणत्या सूची, कोणत्या वर्षांच्या, कोणत्या भाषांतील धुंडाळल्या. किती निबंध हाती आले, किती ठेवले, हे आकड्यांत सांगावे. खरी कसोटी पुढेच आहे. बहुतेक निबंध रोगाचे प्रमाण मोजणारे निघाले आणि घरी रुग्णाची शुश्रूषा कशी होते यावर एकही मिळाला नाही, तर ‘मिळाला नाही’ हे शब्द गोषवाऱ्यातच हवेत. आतल्या पानांत ते दडले की संपले.

कारण पुष्कळ वाचक गोषवाऱ्यापाशीच थांबतात. १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. अशा कामातील एखादा अधिकारी घाईत तेवढाच परिच्छेद वाचून पैसा कोठे खर्चावा हे ठरवील. ‘उपचार प्रभावी ठरतात’ असे, आढाव्याने न तपासलेले विधान तेथे असले, तर चूक कागदावर राहत नाही. ती खानवेलच्या दवाखान्यापर्यंत जाते.

गोषवारा लिहावा निबंध पुरा झाल्यावर, आणि त्यातील प्रत्येक आकडा तक्त्याशी ताडून पाहावा. ‘अधिक संशोधनाची आवश्यकता आहे’ हे वाक्य मात्र खुशाल गाळावे. कशाचे संशोधन, कोणत्या समाजात, हे सांगता येत असेल तर तेवढेच लिहावे.