मापांची वही

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आम्ही बोलावे अशी आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा प्रथम आम्ही नकारच दिला होता. प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे बोलून आमचा घसा झिजलेला, आणि विद्या म्हणाल तर मॅट्रिकपलीकडे गेलेली नाही. परंतु ते म्हणाले, "आपली नात मुंबईस फॅशनचे शिक्षण घेते. तेथे नेमके काय शिकवितात, हे आपल्या पालकांना कोणी तरी सांगावयास हवे." हा विषय आमच्या इतक्या वर्मी लागला, की मग नाही म्हणवेना.

वर्मी कां लागला, ते आधी सांगून टाकतो. आमचे वडील शिंपी होते. तालुक्याच्या गावी, बाजारपेठेच्या तोंडाशी, एक पायाचे यंत्र, एक मेज आणि एक कंदील एवढेच त्यांचे दुकान. त्यांनी आम्हांस शिकविले, मास्तर केले, आणि आम्ही त्याची फेड कशी केली? अध्यापन-विद्यालयाच्या अर्जात 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापुढे आम्ही 'व्यापार' असे लिहिले. खोटे म्हणता येणार नाही, आणि खरेही नव्हे. वडील वारल्यावर यंत्र नात्यातल्या एकास दिले आणि त्यांची मोठी कात्री भंगारात घातली. घरातून सुई गेली याचे आम्हांस त्या काळी समाधान वाटले होते.

अशा घरातील मुलीची मुलगी बारावीस उत्तम गुण मिळवून म्हणाली, "आबा, मला कपड्यांचे डिझाइन शिकायचे आहे." आम्ही दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बोललो ते न बोलतो तर बरे होते, असे बोललो. ती गेली, तिच्या वडिलांनी कर्ज काढले. आमचा विरोध हळूहळू वयोमानाप्रमाणे मवाळ झाला, इतकेच.

तिसऱ्या वर्षी या विद्यार्थ्यांना एक निबंध लिहावा लागतो. तुमचे डिझाइनचे तत्त्वज्ञान काय, आणि तुमची प्रेरणास्थाने कोणती? कापडालाही तत्त्वज्ञान असते हे आम्हांस नवीन होते. पुढे त्या निबंधास अनुसरून प्रत्यक्ष वस्त्र शिवून परीक्षकांपुढे ठेवावयाचे असते. नातीचा पहिला निबंध परत आला. त्यात समुद्राच्या लाटा होत्या, फुलपाखरे होती, पॅरिस होते. मास्तरीणबाईंनी समासात विचारले होते की, हे सारे तू कोठे पाहिलेस? हा प्रश्न वाचून, खरे सांगतो, त्या अपरिचित बाईंविषयी आमच्या मनात आदर उत्पन्न झाला. आम्हीही मुलांच्या निबंधांवर हाच शेरा मारीत आलो आहोत.

दिवाळीच्या सुटीत ती आमच्याकडे आली. रात्री जेवणे झाल्यावर ती ज्यांच्याविषयी शिकली होती त्या विदेशी कारागिरांच्या कथा सांगे. आमची अशी समजूत होती, की ही मंडळी म्हणजे गादीवर बसून चित्रे काढणारे श्रीमंत लोक. तर तसे नाही! बालेन्सियागा नावाचा जो मोठा स्पॅनिश कारागीर होऊन गेला, तो १८९५ साली मासेमारीच्या एका गावी जन्मला, आणि त्याची आई लोकांचे कपडे शिवीत असे. इंग्लंडचा मॅक्क्वीन हा टॅक्सी चालविणाराचा मुलगा. सोळाव्या वर्षी शाळा सोडून तो लंडनच्या सॅव्हिल रो या शिंप्यांच्या प्रसिद्ध गल्लीत कोट शिवावयास उमेदवार म्हणून राहिला, आणि त्यानंतर महाविद्यालयात शिकून १९९२ साली पदव्युत्तर झाला. आधी टाका, मग पदवी! हे ऐकताना आम्ही उगाचच जरा ताठ बसलो.

परंतु आमचे लक्ष वेधून घेतले ते मादलेन व्हियोने या फ्रेंच बाईने. जन्म १८७६ चा. बालपणीच शिवणकामास लागली आणि १९१२ साली पॅरिसमध्ये तिने स्वतःचे दुकान घातले. कागदावर चित्र न काढता ती लाकडाच्या लहानशा बाहुलीवर कापड गुंडाळून पाही. आपल्या कामाची कोणी नक्कल करू नये म्हणून कपड्याच्या आतील चिठ्ठीवर ती स्वतःच्या अंगठ्याचा ठसा उठवी. अक्षरशत्रूचा म्हणून ज्या अंगठ्यास आपण हसतो, तो तेथे मानाचा झाला. तिची कीर्ती मुख्यतः कशाबद्दल, तर कापड तिरके धरून कापण्याबद्दल. उभ्या-आडव्या धाग्यांच्या कर्णरेषेवर कापड कापले की ते ताणले जाते आणि अंगाच्या वळणाबरोबर वळते. नात हे हातवारे करून सांगत होती आणि आम्ही मध्येच म्हणालो, "अग, हे तर उरेब!"

ती चकित झाली. उरेब म्हणजे काय हे या सभेत कोणास सांगावयास नको. गळ्याची पट्टी आणि गोट उरेबच कापावा लागतो, नाही तर वळणावर चुण्या पडतात. वडिलांच्या मांडीशी बसून सहाव्या वर्षी शिकलेला शब्द साठ वर्षांनी तोंडातून असा बाहेर पडला. मात्र वडील सबंध वस्त्र कधी उरेब कापीत ना. कारण उघड आहे: उरेब कापणीत कापड वाया जाते. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आले तेव्हा ते उमेदवारी करीत होते. त्या दिवसांनी त्यांच्या हातास जे वळण लावले ते अखेरपर्यंत गेले नाही. जुना कुडता आठवा. अंगाचा सरळ पट्टा, बाजूंच्या तिरक्या कळ्या, काखेत चौकोनी तुकडा. कळी उलटसुलट मांडली की दोन कळ्यांत चिंधीसुद्धा उरत नाही. अलीकडे पाश्चात्त्य देशांत कापड वाया न घालविण्याच्या कापणीचा मोठा अभ्यास चालतो म्हणे. चालू द्या.

दुसऱ्या दिवशी तिने माळ्यावर चढून शोध आरंभिला. कात्री गेलेली, यंत्र गेलेले. आमच्या मातोश्रींच्या पांडवप्रतापाच्या पोथीबरोबर, त्याच फडक्यात बांधलेली, वडिलांची मापांची वही तेवढी निघाली. ही पाहा ती. लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची, १९५३ सालापासूनची. आम्ही ती कधी उघडली नव्हती. मापांच्या वहीत आकड्यांवाचून काय असणार?

आकडे आहेतच. पण प्रत्येक आकड्यापुढे वडिलांनी बारीक अक्षरात काही तरी टिपले आहे. मालधक्क्यावरील एका हमालापुढे लिहिले आहे: 'उजवा खांदा पाऊण इंच खाली. ओझ्याने.' एका हेडमास्तरांपुढे: 'पोट वाढते आहे, शिवणीत कापड सोडणे.' एका तालमीच्या उस्तादांपुढे केवळ 'मान नाही' एवढेच. आणि १९६८ सालच्या पानावर आमचे स्वतःचे नाव सापडले: 'चिरंजीव. वाढता. बाही आत दुमडणे, दोन साल पुरला पाहिजे.' तो सदरा आम्हांस आठवतो. तीन साल पुरला.

तयार कपड्यांच्या दुकानात आपण जातो तेव्हा आपला खांदा कोणी पाहात नाही. लहान, मध्यम, मोठा असे तीन-चार साचे, आणि त्यांतील बरेचसे परदेशी देहावरून घेतलेले. भारतीयांच्या देहास भारतीय माप असावे म्हणून २५,००० स्त्रीपुरुषांची मापे यंत्राने घेण्याची योजना २०१८ साली जाहीर झाली. काम स्तुत्य आहे. तथापि तेथेही अखेर सरासरीच निघणार, आणि हमालाचा उजवा खांदा सरासरीत बसत नाही.

नातीने वही दोनदा वाचली. मग तिने विचारले, "आबा, हिच्यात एकही बाई कशी नाही?"

ही गोष्ट आमच्या ध्यानातच आली नव्हती. शिंप्याने परक्या स्त्रीच्या अंगाचे माप घ्यावयाचे नाही अशी त्या काळची रीत होती. घरून मापाची जुनी चोळी येई, तीवरून नवी शिवावयाची. जुनी तंग झाली असेल तर नवीही तंग. बायका तक्रार करीत नसत. केली तरी ती दुकानापर्यंत पोचत नसे.

हे बोलणे चालले होते तेव्हा आमच्या ज्येष्ठ भगिनी, आक्का, पलंगावर होत्या. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे आहे. तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका येऊन त्यांचा उजवा हात गेला. लग्न होईतो वडिलांच्या दुकानातील सारी काजे त्यांनी याच हाताने केली होती, गुंड्या त्यांनीच लावल्या होत्या. त्याचा हिशेब कोणत्याही वहीत नाही. आता त्यांना पोलके दुसऱ्याने घालावे लागे. रोज सकाळी आमची सून मदत करी आणि रोज सकाळी आक्का भिंतीकडे तोंड करीत. आम्हांस वाटे, हा वार्धक्याचा चिडचिडेपणा.

नातीने टेप घेतला आणि म्हणाली, "आक्काआजी, तुमचे माप घेऊ?" आक्का कितीतरी वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घे बाई. आजवर कोणी घेतले नाही."

पुढचे दोन महिने ती मुंबईहून दर शनिवारी येत होती. प्रथम तिने जुन्या पद्धतीची, पुढे गाठ मारण्याची चोळी शिवून आणली. कल्पना चांगली होती, परंपरेस धरून होती, आणि सपशेल फसली. कारण गाठ मारावयास दोन हात लागतात. आम्ही हसलो, ती रडली. मग ती एका रुग्णालयात जाऊन शिकून आली, की अशा रोग्यास कपडा चढविताना निकामी हात आधी बाहीत घालावा, आणि काढताना तो शेवटी काढावा. हा नियम कळल्यावर तिने सारी कापणी बदलली. उजवी बाही खांद्यापासून खालपर्यंत उघडी, म्हणजे हात नुसता तीत ठेवावयाचा. काखेत आपल्या कुडत्याचा तोच चौकोनी तुकडा, थोडा मोठा. बाहीच्या वरच्या अंगास उरेब, म्हणून हात न उचलता ती ताणते. हुकांऐवजी सुताच्या ठसठशीत गुंड्या आणि फासे, डाव्या हातास सहज लागतील असे. गुंडी कशी वळावयाची हे तिला कोणत्याही पुस्तकात नीट सापडेना. ते आक्कांनी सांगितले. एक हात आक्कांचा आणि एक हात नातीचा, अशा दोन हातांनी ती पहिली गुंडी वळली गेली.

कापड राखाडी रंगाचे आणले होते, धुण्यास सोपे म्हणून. आक्कांनी ते परत पाठविले. "मी मेलेली नाही. खण आण, रुंद काठाचा." गुळेदगुड्डचा खण आला, आणि तो काठ कोठे यावा यावरून दोघींचे भांडण झाले ते आठ दिवस पुरले.

निबंध नंतर लिहिला गेला. तो इंग्रजीत असल्यामुळे तिने आम्हांस मराठीतून सांगितला. त्यात लाटा नाहीत. "ज्याच्यासाठी शिवायचे त्याचा हात कुठवर जातो, ते पाहिल्याशिवाय मी रेघ ओढणार नाही," असे पहिलेच वाक्य आहे. कापडाचा तुकडा कोठे उरणार हे कापण्यापूर्वी ठरवावे, असे दुसऱ्या परिच्छेदात आहे. प्रेरणास्थाने म्हणून तिने व्हियोनेबाईंचे नाव दिले आहे, पणजोबांच्या वहीचे दिले आहे, आणि त्या वहीत जी नावे नाहीत त्यांचेही. परीक्षकांपैकी एकाने विचारले, की यात सौंदर्य कोठे आहे? तिने आक्कांचे छायाचित्र पुढे केले. गुण मध्यम मिळाले. शिवण एके ठिकाणी ओढली गेली होती, ते आम्हांसही दिसले होते. वडिलांनी ती उसवावयास लावली असती.

आता मंडळाशी संबंधित एक गोष्ट. गुणगौरवाचा आपला छापील अर्ज आहे. त्यात वैद्यक, अभियांत्रिकी, विधी, वाणिज्य असे रकाने आहेत. आणि शेवटी 'इतर', ज्यास पारितोषिक नाही. शिंप्यांच्या मंडळाच्या अर्जात शिवणकलेच्या विद्येची गणना 'इतर'मध्ये होते. हा अर्ज ज्या समितीने तयार केला तिचे चिटणीस आम्हीच होतो, सबब दोष दुसऱ्या कोणास देत नाही. उद्याच्या सर्वसाधारण सभेत हा रकाना बदलण्याचा ठराव आम्ही मांडणार आहोत. आमची नात यंदा उत्तीर्ण होऊन बाहेर पडेल, तिला त्याचा उपयोग नाही. तेव्हा स्वार्थाचा संशय कोणी घेऊ नये. आम्हांस कळले आहे, की सभागृहात अशा आणखी तीन मुली आणि एक मुलगा बसलेला आहे.

तिसऱ्या रांगेत कडेला आक्का बसल्या आहेत. त्यांची परवानगी घेऊनच हे सारे बोललो. पोलके आज त्यांनी स्वतः घातले आहे. पाऊण तास लागला आणि कोणास खोलीत येऊ दिले नाही.

बाहेर ओसरीवर मेज मांडून नात टेप घेऊन बसली आहे. आपल्या घरी मापांच्या जुन्या वह्या असतील तर त्या रद्दीत न घालता तिला दाखवाव्यात, ती उतरून घेऊन परत करील. तिने एक नवी वहीही घातली आहे. ज्या भगिनींना हात, खांदा वा पाठ यांमुळे तयार कपडा नीट बसत नाही, त्यांनी भोजनापूर्वी तेथे आपले माप द्यावे. पहिल्या पानावर आक्कांचे नाव आहे. दुसरे पान मोकळे आहे.