भोंगा वाजला तर पळायचं कुठं?

(नरडाणा इथल्या बैठकीतलं भाषण)



31 ऑगस्ट 2019 ची सकाळ कोणी विसरलं नसेल. शिरपूरजवळ वाघाडीला रसायनांच्या कारखान्यात स्फोट झाला, तेरा तरी माणसं गेली. त्यात पावरा आडनावाचे आपले लोक होते. इथं नरडाण्यालाही एमआयडीसी आहे, म्हणून हा विषय घेतला.

धोक्याच्या ठिकाणी मॉक ड्रिल, म्हणजे रंगीत तालीम करतात. सगळ्यात मोठी तालीम अणुवीज केंद्राची. आपल्या राज्यात ते तारापूरला आहे, 1969 पासून. त्या भागात आपल्यासारखेच आदिवासी पाडे आहेत. तिथं 16 किलोमीटरपर्यंतच्या गावांचा आराखडा असतो, आणि दर दोन वर्षांनी गावांची तालीम घ्यायची असते. किरणोत्सर्ग बाहेर पडला असं समजायचं. केंद्रानं कलेक्टरला कळवायचं. मग गावात सांगायचं, दारं-खिडक्या लावून घरात बसा, आयोडीनची गोळी घ्या, गाडी येईल. ती गोळी गळ्यातली थायरॉइडची गाठ तेवढी वाचवते, बाकीच्या अंगाला तिचा उपयोग नाही. हे लोकांना सांगायलाच पाहिजे.

कागदावर सगळं बरोबर आहे. पण दारं-खिडक्या लावा म्हणे! आपल्या कुडाच्या भिंतीतून उजेड आत येतो, तिथं काय लावणार? भोंग्यावरून मराठीत सांगतील, आणि पाड्यावरची म्हातारी पावरी नाहीतर भिलोरी बोलते. दिवाळीनंतर अर्धं गाव ऊसतोडीला गुजरातेत, मागे म्हातारे अन् लेकरं. त्यांना गाडीपर्यंत कोण आणणार? जपानसारख्या देशात, फुकुशिमाला 2011 साली, दवाखान्यातले कितीतरी म्हातारे पेशंट घाईघाईच्या हलवाहलवीत दगावले. तालमीत मात्र चालती-फिरती माणसंच बसमध्ये बसतात.

मी स्वतः एका कारखान्यातली तालीम पाहिली आहे. भोंगा वाजला, साहेब लोक हेल्मेट घालून रांगेत उभे राहिले, फोटो निघाले. ठेकेदाराच्या मजुरांना आधीच सांगून ठेवलेलं, तुम्ही शेडमध्ये बसा, मधे येऊ नका. खरी आग लागली तर पहिले कोण सापडणार? शेडमधलेच ना!

म्हणून तालीम नको असं मी म्हणत नाही. भोपाळला 1984 साली रात्री गॅस सुटला, तेव्हा लोक वाट फुटेल तिकडे पळाले. ओलं फडकं तोंडावर धरा आणि वाऱ्याला आडवं निघा, एवढं जरी आधी कोणी शिकवलं असतं तरी काही जीव वाचले असते. किरणोत्सर्गात आधी घरात बसायचं, गॅसमध्ये वाऱ्याच्या वाटेतून बाजूला व्हायचं. हा फरक ऐन वेळी सुचत नाही, तो अंगवळणी पडावा लागतो.

1989 चे सरकारी नियम आहेत. घातक रसायनांचा मोठा साठा असेल तिथं कारखान्याच्या आत दर सहा महिन्यांनी तालीम, बाहेरच्या गावांसाठी वर्षातून एकदा. धोका काय आणि करायचं काय, हे आजूबाजूच्या लोकांना सांगणं बंधनकारक आहे. मेहेरबानी नाही.

26 जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव घ्या. आपल्या शिवाराजवळ कोणती रसायनं साठवतात ते लेखी मागा. तालीम एकदा तरी रात्री, न सांगता, आपल्या बोलीत घ्या म्हणावं. ठेकेदाराचे मजूर आणि खाटेवरची म्हातारी तिच्यात पाहिजेच. ठरावाची नक्कल तहसीलला द्या, पोच घ्या, आणि ती पोच पुढच्या बैठकीला घेऊन या.