मोठी बाई आणि मोहाची बांधी



वसंत व्याख्यानमालेचे आमंत्रण हाती आले तेव्हा आम्हांस प्रथम आठवण झाली ती मोहफुलांची. शहरात वसंत कसा येतो ते आपण जाणताच. परीक्षा संपतात, बाजारात माठ येतात, आणि संध्याकाळच्या गार वाऱ्याला मंडळी व्याख्यान ऐकावयास जमतात. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा पाडली तीही याच दिवसांत. आमच्या भंडारा जिल्ह्यात मात्र वसंत पहाटे येतो आणि तो वरून टपटप पडतो. मोहाची फुले रात्री उमलतात आणि उजाडण्यापूर्वी गळतात. शेळ्या, हरणे आणि क्वचित अस्वल यांच्या आधी झाडाखाली पोचला त्याचा वसंत. आमच्या घरातून सर्वांच्या आधी पोचत असे ती आमची मोठी बहीण.

चिटणीसांनी आमच्यासाठी 'ग्रामीण जीवन' असा विषय लिहून पाठविला होता. एवढ्या विस्तृत विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांस नाही. खेड्याविषयी आम्हांस जे काही ठाऊक आहे ते बहुतेक तिच्यामागून चालताना कळले. तेव्हा तिच्याविषयीच बोलू. आमच्या भागात थोरल्या बहिणीला 'बाई' म्हणतात. आम्ही तिला मोठी बाई म्हणत असू. ती आम्हांहून आठ वर्षांनी मोठी. २०११ साली ती गेली.

आमचे गाव साकोलीच्या दक्षिणेस, चुलबंद नदीच्या खोऱ्यात. हा प्रदेश तलावांचा आणि धानाचा. पूर्व विदर्भात असे जुने तलाव सहा हजारांहून अधिक आहेत. गोंड राजांच्या काळी कोहळी लोकांनी त्यांतील पुष्कळ बांधले. पुढे ते मालगुजारांकडे गेले, १९५१ साली मालगुजारी संपली आणि ते सरकारचे झाले. तेव्हापासून त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' असे लांबलचक नाव पडले आणि लोकांनी त्याचे 'मामा तलाव' केले. मामा म्हटले म्हणून कोणी माया केली असे मात्र नाही. पूर्वी पाण्याच्या पाळ्या लावणारा गावाचा पाणकर असे आणि त्याला प्रत्येक घरातून धान मिळे. मालक बदलला आणि हळूहळू पाणकराचे धानही थांबले. गाळ साचत गेला, पाळीवर झुडपे वाढली. हा विषय मोठा आहे. तो येथेच सोडतो.

आमची शेती थोडी होती. धानाच्या शेताच्या एकेका बांधलेल्या तुकड्याला आमच्याकडे बांधी म्हणतात आणि तिच्या कडेच्या मातीच्या बांधाला धुरा. आमच्या सर्वांत शेवटच्या बांधीच्या धुऱ्यावर मोहाचे झाड होते, म्हणून ती मोहाची बांधी. तलावाचा पाट तेथे पोचेपर्यंत दमून जाई. आमच्या वडिलांना दम्याचा विकार. पावसाळा आला की ते ओसरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसत. आई घर, गुरे आणि धाकटी भावंडे यांत गुंतलेली. तेव्हा ती बांधी बाराव्या-तेराव्या वर्षापासून मोठ्या बाईकडे आली. कोणी दिली नाही, कोणी मागितली नाही.

रोवणीचे वर्णन पुस्तकांत वाचताना फार गोड वाटते. बायका ओळीने उभ्या आहेत, गाणी चालली आहेत, आभाळ भरून आले आहे. हे सर्व खरे आहे. पण त्या बायका दिवसभर कमरेत वाकून मागे मागे सरकत असतात, आणि पाय चिखलात कुजून बोटांच्या बेचक्यांत फटी पडतात, हेही खरे आहे. मोठी बाई रात्री त्या फटींत गोडेतेल आणि हळद भरी आणि 'आता पोहे टाका त्यात, चिवडा होईल' असे म्हणे. पाऊस आला तर बांबूचे आणि पळसाच्या पानांचे इरले पाठीवर. तिचे रोप मात्र ओळखू येई. पऱ्ह्याची मूठ डाव्या हातात घेऊन अंगठ्याने दोन-दोन काड्या ती अशी सोडी की रोप तरंगत नसे आणि खोलही जात नसे. आम्ही लावलेली ओळ दुसऱ्या दिवशी पाण्यावर पोहत असे.

तिची खरी विद्या होती पाण्याची. आश्विनात धान पोटरीवर येते, नेमकी तेव्हाच पावसाने ओढ दिली की तलावाचे तुडुम उघडावे लागे. तुडुम म्हणजे तलावातून पाटात पाणी सोडण्याची मोरी. पाळ्या लागत, आणि शेवटच्या बांधीची पाळी नेहमी रात्री. मोठी बाई कंदील घेई, फावडे घेई आणि सोबतीला आम्हांस घेई. वास्तविक सोबत कोणाची कोणाला होती ते उघडच आहे. धुऱ्यावर पोचली की ती कंदील विझवी. आम्हांस भीती वाटे. ती म्हणे, "उजेडानं कान बंद होतात, बाबू. ऐक." आणि खरोखर, अंधारात थोडा वेळ उभे राहिल्यावर पाण्याचे निरनिराळे आवाज वेगळे होऊ लागत. पाटातून पडणारे पाणी एक सुरात वाजते. खेकड्याच्या बिळातून शेजारच्या बांधीत पळणारे पाणी गुळण्या केल्यासारखे वाजते. तो आवाज आला की ती अंधारातच चालत जाई, टाच त्या जागेवर रोवी, आणि वर चिखलाचा गोळा दाबी. अशी चार-पाच बिळे एका रात्रीत सापडत. न सापडली तर सकाळपर्यंत बांधी कोरडी आणि शेजाऱ्याची तुडुंब, आणि भांडण झाले तर शेजारी म्हणणार, खेकड्याला विचारा. आम्ही पुढे कॉलेजात पदार्थविज्ञान शिकलो. दाब, वेग, छिद्राचा व्यास, हे सारे सूत्रांत वाचले. परंतु गळणारा धुरा आजही आम्हांस सापडत नाही.

कापणीच्या आधी, बांधीत ओल असतानाच, उभ्या धानात ती लाखोरी फेकी. धान कापून पुंजणे रचेपर्यंत खाली लाखोरीची हिरवी जाजमे. दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरे. दिवसा बाजार, रात्री दंडार. आम्ही पहिल्या घटकेलाच तिच्या मांडीवर झोपी जात असू आणि सकाळी ती आम्हांस राजा काय म्हणाला, राणी काय म्हणाली, ते सारे सोंगासकट करून दाखवी. आमची दंडार मुख्यत्वे तिच्याच तोंडची.

धानाचे काम नसे तेव्हा विड्या. तेंदूची पाने भिजवायची, पत्र्याच्या मापाने कातरीने कापायची, तंबाखू भरायची, गुंडाळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर. माल घेणारा मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढी आणि त्यांचे पैसे देत नसे, परतही करीत नसे. चिमणीच्या उजेडात ती सूप मांडीवर घेऊन विड्या वळी आणि आम्ही समोर बसून धडे घोकत असू. आमच्या पाट्या, पुस्तके, पुढे साकोलीच्या शाळेचा खर्च त्या सुपातून निघाला. ती स्वतः शाळेत गेली नाही. पण ऐकून ऐकून पावकी-निमकी तिला पाठ झाली आणि आमची चुकली की ती मान वर न करता दुरुस्त करी. मग एके दिवशी आमच्या पाटीवर तिने आपले नाव लिहून दाखविले. उलटे! आमची पाटी तिला समोरून, उलटी दिसे. तिने अक्षरे तशीच उचलली होती. आम्ही पोट धरून हसलो. आठवड्याभरात तिने ती सुलटी केली, आणि उलटे वाचण्याची कला मात्र जवळ राहिली.

१९५४ साली भंडाऱ्याला लोकसभेची पोटनिवडणूक झाली आणि डॉक्टर आंबेडकर उभे राहिले. प्रचाराची मोटार गावावरून गेली. आम्ही पोरे धुळीमागे धावलो. हिंदू कोड बिलासाठी ज्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडले होते ते हे गृहस्थ, हे आम्हांस फार उशिरा कळले. मुलीला बापाच्या मिळकतीत वाटा असावा हे त्या बिलातील एक मुख्य कलम. भंडाऱ्याच्या मतदारांनी त्यांना पाडले. पुढल्या वर्षी मोठी बाई लग्न होऊन वैनगंगेच्या काठी, पवनीकडच्या एका गावी गेली. आणि १९५६ साली हिंदू वारसा कायदा झाला. मोहाच्या बांधीत त्या दिवशी काही फरक पडला नाही.

वडील १९७९ साली वारले. वारसांत मोठ्या बाईचे नाव लागणार हे तलाठ्याने सांगितले, आणि जशी रीत होती तसे हक्कसोडपत्र करण्याचे ठरले. ठरले म्हणजे आम्ही भावांनी ठरविले. आम्ही तेव्हा नोकरीत होतो, चार लोक आम्हांस सुशिक्षित म्हणत. ती बसने आली. येताना आमच्या मुलांसाठी शिंगाडे घेऊन आली. कचेरीत कारकुनाने कागद भरभर वाचला आणि शाईची गादी तिच्यापुढे सरकविली. लुगडे नेसलेली शेतकरी बाई, तेव्हा अंगठाच, असा त्याने हिशेब केला. तिने आमच्याकडे पाहिले. एवढेच आम्हांस बोलावयाचे होते की 'हिला सही येते'. आम्ही बोललो नाही. काम लवकर उरकत होते, आणि सहीबरोबर आणखी काही प्रश्न निघतील अशी एक अंधुक धास्तीही होती. तिने अंगठा दिला. बाहेर येऊन नळावर शाई धुताना तिने विचारले, "मोहाच्या बांधीत यंदा काय लावलं?" आम्ही चिन्नोर म्हणालो. हा आमच्या जिल्ह्याचा सुवासिक तांदूळ. अलीकडे त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ती म्हणाली, त्या बांधीला चिन्नोर मानवत नाही, शेवटचे पाणी मिळत नाही. त्या वर्षी तसेच झाले.

श्रोतेहो, याला बहिणीचे प्रेम म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. आम्हीही बरीच वर्षे तसेच म्हणत होतो. भाऊबीजेला तिला लुगडे नेत असू आणि तिने केलेला भात खाऊन येत असू. १९८६ साली चांदवडला शेतकरी बायकांचे मोठे अधिवेशन झाले; पुढे शेतकरी संघटनेच्या लक्ष्मीमुक्तीच्या चळवळीत गावोगाव नवऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली. वर्तमानपत्रांतून ते वाचून आम्हांस आनंद झाला. बहिणीचा विचार तेव्हाही मनात आला नाही. कायद्याने मुलीला मुलाच्या बरोबरीने बसविले, महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली. पण हक्कसोडपत्राचा कागद अजून सर्वत्र तसाच लिहिला जातो आणि बहुधा भाऊच तो लिहवून आणतात.

१९८८ साली गोसेखुर्द धरणाचा पाया घातला गेला. पुढे पाणी चढत गेले आणि मोठ्या बाईच्या सासरची जमीनही त्यात गेली. मोबदला मिळाला तो पुरुषांच्या नावे, कारण सातबाऱ्यावर नावे त्यांची. नव्या वसाहतीत सरळ रेषेत घरे, नळ आणि डांबरी रस्ता. ती म्हणे, "इथं ऐकाले काहीच नाही, बाबू."

जाण्याच्या आदल्या वर्षी, आश्विनात, ती आमच्या गावी आली. गुडघे गेलेले, हातात काठी. संध्याकाळी म्हणाली, बांधीवर ने. आम्ही दोघे हळूहळू गेलो. आम्ही आपले बोलत होतो; तिने हात वर करून थांबविले. ऐकले. मग धुऱ्यावरून सात-आठ पावले जाऊन तिने काठी टेकली आणि टाच रोवली. आम्ही वाकून चिखल दाबला. तेथेच मोहाखाली बसलो असता, इतक्या वर्षांनी, आम्ही त्या अंगठ्याचा विषय काढला. आम्हांस वाटले होते, ती 'जाऊ दे' म्हणेल.

ती म्हणाली, "मी वाचला होता तो कागद. त्याच्या टेबलावर उलटा होता ना, मले तसाच वाचता येते. राजीखुशीनं अन् अक्कलहुशारीनं, असं लिवलं होतं." आणि हसली. आम्ही हसू शकलो नाही. मग म्हणाली, "अक्कलहुशारीनं लिवलं अन् अंगठा घेतला. त्याले तरी कसं नाही समजलं?" 'त्याले' म्हणजे कारकुनाला, असे आम्ही त्या वेळी धरून चाललो.

तिची मुलगी आज पन्नाशी ओलांडलेली आहे, दुसऱ्याच्या बांधीत रोवणीला जाते. गेल्या उन्हाळ्यात आम्ही तिला घरी बोलावून सांगितले की मोहाची बांधी आमच्या वाट्याला आहे, ती तुझ्या नावे करून द्यावी म्हणतो. ती बराच वेळ गप्प बसली. मग विचारले, "मामा, तुमच्या पोरींनी सही केली का?" आम्हांस दोन मुली आहेत. त्यांना आम्ही विचारले नव्हते. आता विचारले आहे. थोरलीने होकार कळविला आहे, धाकटीने कागद वाचावयास मागितला आहे. तो आम्ही कालच टपालात टाकला.